वरची मूठ

कोसागी, मियागी
१८ एप्रिल १९९७

मेंग ओकसून बाई यांना ओनोदेरा क्योजीचा नमस्कार.

वारा अजून बोचरा आहे, पण ओहोटीचं पाणी पायांना सोसू लागलं आहे. पत्राची सुरुवात हवेपासून करायची ही आमची खोड तुम्हाला ठाऊक असेलच. तुमच्या देशावर आमचं राज्य होतं तेव्हा, लहानपणी, तुमच्या शाळेत मास्तर आमचेच होते.

तुमच्या खाडीतल्या जिवंत तिसऱ्यांच्या पहिल्या चारशे गोण्या काल सुखरूप पोचल्या. फेब्रुवारीत तुमच्या आणि आमच्या मच्छीमार संस्थांनी बहिणी-बहिणी होण्याचा करार केला, तेव्हा भाषणांच्या गर्दीत एक गोष्ट सांगायची राहिली. दर वसंतात शहरातली माणसं मुलंबाळं घेऊन ओहोटीला आमच्या वाळूत तिसऱ्या उकरायला येतात आणि त्यावर अर्धं गाव जगतं. गेली दहा वर्षं वाळू रिकामी होत चालली होती. काल तुमच्या तिसऱ्या आम्ही त्या वाळूत पेरल्या. माझा शेजारी आणि बालमित्र हागा मोरिओ हा रडका माणूस नाही, पण तो गुडघाभर पाण्यात उभा राहून नाक पुसत होता.

तुमच्या हाताखालच्या अकरा बायकांनी गोण्या काय निवडल्या आहेत! खडा नाही, मेलेला शिंपला नाही.

गोण्यांबरोबर पेंढ्याची एक निराळी करंडी होती. ओल्या शेवाळात मुठीएवढ्या शंखांच्या तीस गोगलगायी, सगळ्या जिवंत. तुमची चिठ्ठी वाचली: ‘वजन झाल्यावर वर मूठभर टाकल्याशिवाय आमच्या बायकांचा हात थांबत नाही. ही वरची मूठ. समुद्राच्या पाण्यातच उकडा, फार वेळ नको, आणि आंबट-तिखट चटणीशी खा.’ तसंच केलं. फार गोड लागल्या. माझ्या बायकोने, फुमीने, खास आभार कळवायला सांगितले आहेत.

सोबत आमच्या खाडीच्या नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या, दहा जुड्या पाठवतो. गोड मानून घ्याव्यात.

ओनोदेरा क्योजी
अध्यक्ष, कोसागी मच्छीमार संस्था


९ मे १९९८

ताई,

तुमची आज्ञा मानली. ‘आपल्या संस्था बहिणी, मग आपण कोण? मी तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, तेव्हा तुम्ही माझे धाकटे भाऊ’ हे वाचून फुमी खूप हसली. माझ्यावर हुकूम चालवणारी एक बाई घरात होतीच, आता समुद्रापलीकडेही एक झाली, म्हणाली.

आमची भाषा तुम्ही इथल्या पोरांपेक्षा शुद्ध लिहिता असं मी लिहिलं, त्यावर तुमचं उत्तर आलं: ‘शाळेत आपली बोली बोललं की छडी बसायची. ती छडी आता तिसऱ्या विकायला उपयोगी पडतेय, एवढंच.’ ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

या वर्षी तुमच्या करंडीत साठ गोगलगायी निघाल्या. ताई, एवढ्या कशाला? तुम्ही म्हणता, दहा जुड्या नोरी आल्यावर तीसच पाठवल्या असत्या तर बायकांनी तुमची अब्रू काढली असती. पण आमच्याकडेही भेटीची फेड केली नाही तर झोप येत नाही, म्हणून यंदा वीस जुड्या पाठवतो. या शर्यतीत कोणी तरी हरायला तयार झालं पाहिजे.

नाही, नाही, आवडत नाहीत असं मुळीच नाही. करंडी आली की मी आणि फुमी संध्याकाळी धक्क्यापर्यंत फिरायला जातो, आमचा तेवढाच सण.

रविवारी नऊशे माणसं आली होती. हागाने बायकोला, किनूला, दुकान टाकून दिलं आहे. वाळूतला त्याचा वाफा सगळ्यांत भरलेला.

तुमचा धाकटा भाऊ,
क्योजी


२ जून २०००

ताई,

घाईत लिहितो आहे. ऐंशी गोगलगायी पोचल्या, छान होत्या.

सहज एक विचारतो. तुमच्या चिखलात वसंतात वाळूच्या वाट्या दिसतात का? पालथ्या, बुडाला भोक असलेल्या, ओल्या रबरासारख्या लवणाऱ्या. कशाच्या असतात त्या? फुमीला कुतूहल आहे.

क्योजी


२५ जून २०००

ताई,

उत्तराबद्दल आभार. अंडी असतात तर. ‘एकेका वाटीत हजारो. आमच्या बायका दिसली वाटी की उचलून उन्हात टाकतात, नाहीतर पोरं वाढून तिसऱ्या फस्त करतात. तुमच्याकडे कुठे दिसली?’ असं तुम्ही विचारलं आहे.

कुठे नाही, एका पुस्तकात चित्र होतं.

क्योजी


२० नोव्हेंबर २००३

श्रीमती मेंग ओकसून यांस,

हे पत्र संस्थेच्या वतीने लिहीत आहे.

गेली दोन वर्षं आमच्या वाळूत जिवंत तिसरी मिळणं कठीण झालं आहे. जे शिंपले मिळतात ते रिकामे, आणि प्रत्येकाला सुईने पाडावं तसं गोल भोक. सरकारी तज्ज्ञ येऊन पाहून गेले. परदेशातून आलेली मांसाहारी गोगलगाय शिंपल्याला भोक पाडून आतलं खाते, आणि ती आता सबंध खाडीत पसरली आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढच्या वसंतात तिसऱ्या उकरणं बंद राहील.

तुमच्या गोण्या निष्काळजीपणे निवडल्यामुळे ही गोगलगाय आली, असं आमच्या समितीचं मत झालं आहे. यंदा गोण्या मागवल्या नव्हत्याच; आता व्यवहार कायमचा थांबवण्यात येत आहे. तुमच्या संस्थेलाही तसं कळवलं आहे. निवडीच्या कामाच्या मुकादम म्हणून तुम्ही खुलासा करावा.

ओनोदेरा क्योजी, अध्यक्ष


१४ फेब्रुवारी २००४

मेंगबाई,

तुमची तिन्ही पत्रं पोचली. तिसऱ्या पत्रातली शाई पसरली होती, एवढंच सांगतो.

तुम्ही म्हणता, तुमच्या गोणीत एकही गोगलगाय गेलेली नाही, अकरा बायका आणि तीन चाळण्या त्याला साक्षी आहेत. गेल्या असतील तर त्या करंडीतल्या. आणि तुम्ही फक्त दोन ओळी मागता: ‘करंडीतलं काय केलंत ते खरं लिहा आणि खाली शिक्का मारा. खाल्लं असेल तर तसं लिहा, मग मी माझ्या बायकांना विचारीन की चूक कुठे झाली. मला फक्त कळायला हवं, धाकट्या.’

तुमच्या संस्थेच्या सभेत माझी जुनी पत्रं वाचून दाखवली गेली, हेही कळलं. ‘फार गोड लागल्या’ किंवा त्याच अर्थाचं काहीतरी सहाही वर्षांच्या पत्रांत आहे. म्हणजे करंडी खाल्ली गेली, मग दोष गोण्यांचा, असा त्यांनी अर्थ लावला आणि तुम्हा बाराही जणींना चाळणीवरून काढलं. सत्तर वर्षांच्या बाईने परक्याच्या शेडमध्ये मासे साफ करावेत हे मला रुचत नाही. पण आमच्या समितीचा निर्णय झालेला आहे आणि एकट्या अध्यक्षाला तो बदलता येत नाही.

इथली परिस्थिती वेगळी आहे. हागा मोरिओ १९ जानेवारीला ओहोटीबरोबर आत चालत गेला. भरती आली, तो आला नाही. त्याच्या वाफ्यात वर्षभर एक तिसरी निघाली नव्हती. किनू रोज फुमीजवळ येऊन बसते. अशा वेळी मी नवीन काही उकरून काढणं योग्य होणार नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

ओनोदेरा


३ ऑक्टोबर २००५

ताई,

हा शब्द लिहिण्याचा मला हक्क राहिलेला नाही, पण दुसरं काही लिहून पाहिलं आणि चार कागद फाडले. आज हवेचं काही लिहीत नाही.

तुमच्या गोगलगायी आम्ही एकदाही खाल्ल्या नाहीत.

पहिली करंडी फुमीने स्वयंपाकघरात उघडली. तुमच्या शेवाळाने त्यांना इतकं ताजं ठेवलं होतं की जमिनीवर ठेवल्याबरोबर एकीने शंखातून अंग बाहेर काढलं आणि ती बशीएवढी पसरली. फुमी मागे सरून भिंतीला टेकली. आमच्या खाडीत हे कोणी खात नाही, ताई. तुम्हाला कसं सांगणार? करार होऊन दोन महिने झाले होते, तुम्ही स्वतःच्या घरातलं उत्तम ते पाठवलं होतं, आणि मी लिहू की हे बघून बायकोला ओकारी आली? परत पाठवता येईना. उकिरड्यावर टाकायला फुमी तयार होईना. म्हणाली, ‘एवढा समुद्र ओलांडून आल्यात बिचाऱ्या, यांचा जीव आपल्या हातून नको जायला.’ म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं धक्क्याच्या टोकाला गेलो आणि मी त्या एकेक करून पाण्यात सोडल्या. फुमीने हात जोडले. घरी येताना आम्हाला पुण्य केल्यासारखं वाटत होतं. मग मी बसून तुम्हाला लिहिलं, फार गोड लागल्या.

पुढच्या वर्षी खरं लिहिता आलं असतं, पण तोवर तुम्ही मला भाऊ केलं होतं. मी नोरी वाढवली, तुम्ही मूठ वाढवली. सहा करंड्या झाल्या. मी हिशेबाचा माणूस, मला आकडा पाठ आहे: चारशे दहा. सगळ्या मी माझ्या हातांनी सोडल्या. एक मेलेली निघाली की मला हळहळ वाटायची.

लोक म्हणतात भीड भिकेची बहीण. आपल्या संस्थांनी बहिणी व्हायचं ठरवलं तेव्हा ही तिसरी बहीण मी घरात घेतली.

पण भिडेचा काळ इथे संपतो, पुढचं सगळं भीतीचं आहे. २००० साली मी तुम्हाला वाट्यांबद्दल विचारलं आणि तुम्ही सांगितलं; तरी पुढच्या दोन करंड्याही मी तिथेच सोडल्या, उकिरड्यावर कोणी पाहील म्हणून. त्यानंतर तीन वसंत मी पहाटे ओहोटीला जाऊन त्या तुडवत होतो. एकदा हागा मागून आला. म्हणाला, ‘क्योजी, काय तुडवतोयस?’ मी म्हटलं, पोरांनी किल्ले करून ठेवलेत. तो म्हणाला, ‘अरे राहू दे की, तुझं काय खातात?’ ताई, त्याच दिवशी मी सगळ्या गावाला बोलावलं असतं तर शंभर माणसांनी एका आठवड्यात खाडी निवडून काढली असती. तुमच्या बायका दरवर्षी तेच तर करतात. मी एकटा दोन पायांनी तुडवत राहिलो.

समितीच्या सभेत तज्ज्ञाने सगळ्यांसमोर विचारलं, गोण्यांखेरीज जिवंत असं काही येत होतं का? मी म्हणालो, एक करंडी यायची, ती घरात खाल्ली जायची. हागा माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, ‘खाल्ली जायची म्हणजे काय! सहा वर्षांत या हावरटाने मला एक चाखायला दिली नाही.’ सगळे हसले. त्या खोलीत त्या दिवशी तेवढंच हसू झालं. त्यानंतर दोन महिन्यांनी तो गेला. सभेहून घरी येऊन मी तुम्हाला नोव्हेंबरचं ते पत्र लिहिलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात: नीटनेटक्या, शिक्का मारलेल्या.

तुम्ही दोन ओळी मागितल्या होत्या. सोबतच्या वेगळ्या कागदावर त्या आहेत, तुमच्या संस्थेच्या नावाने. गोण्या स्वच्छ होत्या, गोगलगायी करंडीतल्या होत्या, त्या मी सोडल्या, आणि खाल्ल्या असं खोटं लिहिलं. खाली माझा शिक्का आहे. हवं तिथे वाचून दाखवा.

इथे मी अजून काही बोललेलो नाही. किनू या क्षणी बाहेर फुमीबरोबर मुळे सोलत बसली आहे. तिचा आवाज ऐकत हे लिहितो आहे.

क्योजी


२८ मार्च २००६

ताई,

तुमच्या मुलीचं, मिसूकचं, पत्र आलं. तिच्या मुलाने भाषांतर करून लिहिलंय. तुमच्यासारखं शुद्ध नाही, पण कळलं. तुम्ही गेलात त्याला आज पन्नास दिवस झाले. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. तरी लिहितो, कारण तुम्हाला लिहिण्याची सवय खोटेपणावर मोडू नये एवढंच.

मिसूक लिहिते, माझा कागद ऑक्टोबरातच पोचला होता. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि गादीखाली ठेवलात. ती भांडली. म्हणाली, आई, आत्ताच्या आत्ता संस्थेत जा, याने सगळं स्वच्छ होतंय. तुम्ही म्हणालात, ‘त्या अकरा जणी घरात पोरांना न देता चांगल्यातल्या चांगल्या गोगलगायी करंडीसाठी निवडून आणायच्या. त्यांच्या तोंडाकडे बघत हे मी कशी वाचू? मी मेल्यावर वाच.’ त्या आधीच दोन वर्षं बदनाम होत्या, आणखी चार महिने तुम्ही त्यांना बदनाम राहू दिलं, आणि स्वतः त्यांच्याबरोबर मासे साफ करत राहिलात. यात तुमचं चुकलं, ताई. माझ्यावर रागवायचं सोडून तुम्ही हे का केलंत? मला तुम्ही शिव्या घातलेल्या आवडल्या असत्या. मी त्यांची वाट बघत होतो, रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभा राहत होतो.

तिने तो कागद तेराव्या दिवशी सभेत वाचला. बायकांना चाळणीवर परत घेतलं, पण आता निवडायला गोण्याच फारशा नाहीत. वाचून झाल्यावर सगळ्यांत म्हातारी होती तिने विचारलं म्हणे, ‘मग सहा वर्षं ते तिकडे जेवले काय?’

मिसूकचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी इथल्या सभेत उभा राहून सगळं सांगितलं. अध्यक्षपद सोडलं. कोणी ओरडलं नाही. आमच्याकडे ओरडत नाहीत. गावात सूचनांची एक पाटी घरोघर फिरते, ज्याने वाचली त्याने शिक्का मारून पुढच्या दारात ठेवायची. आमच्या आधीचं घर हागाचं. गेले तीन आठवडे पाटी किनूकडून आमच्या दाराला न लागता पलीकडे जाते. ती आमच्या अंगणावरूनच जाते, मी खिडकीतून बघतो. तिने फुमीशी बोलणं टाकलं आहे. फुमी मुळे अजून दोन घरांपुरते सोलते.

काल सकाळी ओहोटी मोठी होती. मी बादली घेऊन गेलो. खाडीत आता दुसरं काही नाही, वाळूत हात घातला की या गोगलगायीच लागतात. धक्क्याच्या टोकाजवळच्या, म्हणजे मी सोडायचो तिथल्याच, तीस उचलल्या. समुद्राचं पाणी आणलं. तुमची पहिली चिठ्ठी भिंतीला लावली आणि तीत लिहिल्याप्रमाणे उकडल्या, फार वेळ नाही. चटणी फुमीने केली. तिने या वेळी तोंड फिरवलं नाही, टाचणीने पहिली तिनेच शंखातून काढली आणि माझ्या ताटलीत ठेवली.

दारात पाऊल वाजलं. किनू होती. हातात पाटी होती, पण ती द्यायला आली होती असं वाटलं नाही, वासाने थांबली असावी. तिने ताटल्या बघितल्या. म्हणाली, ‘हेच का ते?’ मी हो म्हटलं. ‘माझ्या माणसाला एक चाखायला दिली नाहीस म्हणून तो तक्रार करायचा.’ एवढं बोलून ती गेली. पाटी घेऊनच गेली.

मग मी खाल्ली. नऊ वर्षांपूर्वी तुम्हाला जे लिहिलं होतं तेच पुन्हा लिहितो आहे, ताई, आणि या वेळी खरं आहे.

फार गोड लागली.

क्योजी